निकाल आवडला, पण पायऱ्या मोजल्या का?

पीएच.डी.च्या कोर्सवर्कला आम्हाला एक असाइनमेंट होतं. आपल्या विषयाबाहेरचं काहीतरी घ्या, त्यातला युक्तिवाद सुटा करा, आणि कुठली पायरी कच्ची आहे ते दाखवा. माझा विषय रसायनशास्त्र. वर्गातल्या बहुतेकांनी वर्तमानपत्रांचे अग्रलेख घेतले. मी कोर्टाचा एक निकाल घेतला, कारण त्याच आठवड्यात त्याची झेरॉक्स बीडला आमच्या घरी टेबलावर पडलेली होती.

ती शेजारच्या चाचींची होती. चाची पिको-फॉलचं काम करतात. त्यांच्या नवऱ्याने रजिस्टर पोस्टाने एक कागद पाठवला, शंभराच्या बाँडवर, उर्दूत. चाची मराठी शाळेत शिकलेल्या, त्यांना उर्दू बोलता येतं पण वाचता येत नाही. मशिदीजवळच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी वाचून दाखवला. त्यात होतं की तीन वेगवेगळ्या महिन्यांत एकेकदा मिळून तीन तलाक यापूर्वीच दिलेले आहेत, हा कागद केवळ नोंद म्हणून. चाचींनी यातला एकही शब्द कधी ऐकला नव्हता. पुढे त्यांनी पोटगीचा अर्ज केला, तर नवऱ्याच्या कैफियतीत तेच: ही माझी बायकोच नाही, तलाक झालेला आहे. वकिलांनी चाचींच्या हातात इंग्रजी निकालाची झेरॉक्स दिली आणि सांगितलं, आपली सगळी मदार यावर. चाची ती घेऊन माझ्याकडे आल्या. "तू एवढं शिकतोस, हे काय आहे सांग."

तो निकाल म्हणजे दगडू छोटू पठाण खटला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातल्या पूर्णपीठाचा, २ मे २००२ चा. बीडची प्रकरणं वर त्याच खंडपीठाकडे जातात, त्यामुळे आपल्याकडच्या खालच्या कोर्टांवर तो बंधनकारक. निकालाचा गाभा असा: तलाक झाला होता असं नवऱ्याने कैफियतीत लिहिलं किंवा साक्षीत सांगितलं, एवढ्याने तलाक सिद्ध होत नाही. बायकोने तो नाकारला असेल तर तलाक ही घटना पुराव्याने शाबीत करावी लागेल. कारण काय होतं, दोन्हीकडचे पंच नेमले होते का, समेटाचा प्रयत्न झाला का, हेही शाबीत करावं लागेल. पाच महिन्यांनी, १ ऑक्टोबर २००२ ला, सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा खटल्यात जवळपास हीच भूमिका घेतली.

वाचून मला आनंद झाला, आणि तिथेच मी चुकलो. निकाल आपल्या बाजूचा आहे म्हटल्यावर मी पायऱ्या तपासल्याच नाहीत. असाइनमेंटमध्ये "युक्तिवाद भक्कम आहे" असं लिहून दिलं. गाईडनी एकच प्रश्न विचारला: "हा भक्कम आहे, की तुला पटलाय?" मग परत बसलो. आज लिहितोय ते त्या दुसऱ्या वाचनाचं. मी आलिम नाही, वकीलही नाही. पण पायऱ्या मोजायला तुम्हाला-मला जे शिकवतात, ते इथे पुरतं.

आधी उसूल-ए-फिक्ह म्हणजे काय ते बघू, नाहीतर पुढचं कळणार नाही. फिक्ह म्हणजे नियमांचा साठा, आणि उसूल म्हणजे ते नियम काढायची पद्धत. आपल्या भाषेत सांगायचं तर फिक्ह हा रिझल्ट्सचा भाग आणि उसूल हा मेथडॉलॉजीचा. इमाम शाफी यांचा (मृत्यू इ.स. ८२०) 'रिसाला' हा या विषयावरचा सुरुवातीच्या काळातला ग्रंथ. सुन्नी परंपरेत आधार चार मानतात: कुराण, सुन्नत, म्हणजे पैगंबरांचं वागणं-बोलणं, इज्मा, म्हणजे विद्वानांचं एकमत, आणि कियास, म्हणजे माहीत असलेल्या प्रकरणावरून नव्या प्रकरणाचा निर्णय काढणं. कियासचा सांधा म्हणजे इल्लत. जुना नियम ज्या कारणावर उभा आहे ते नेमकं कारण. तेच कारण नव्या प्रकरणात सापडलं तर नियमही तिथे जातो.

ऐकायला सोपं. करायला बसलात की घाम फुटतो. इद्दतचंच बघा. तलाकनंतर बाईने दुसरं लग्न करण्याआधी थांबायचा काळ म्हणजे इद्दत. आता आपल्यातला कुणीही विज्ञानवाला पटकन म्हणेल, हे गर्भ आहे की नाही ते कळावं म्हणून असणार. मग आज मेडिकलमधून टेस्टची पट्टी आणली की काम झालं, इद्दतची गरजच काय? मलाही आधी हेच वाटलं होतं. आता हे गृहीतक कुराणातल्याच तपशिलावर तपासा. मासिक पाळी येणाऱ्या बाईला तीन पाळ्या. पाळी न येणाऱ्या बाईला तीन महिने. गरोदर असेल तर बाळंतपणापर्यंत. नवरा-बायको एकत्र आलेच नसतील आणि तलाक झाला, तर इद्दत नाही. इथवर गृहीतक छान बसतंय. पण विधवेला चार महिने दहा दिवस, आणि ते एकत्र आलेले नसले तरीही, ती सत्तरीची असली तरीही. इथे गर्भाचा प्रश्नच येत नाही, तरी नियम आहे. शिवाय पाळी न येणाऱ्या म्हातारीलाही तलाकनंतर तीन महिने का? म्हणजे गर्भ हे एकमेव कारण नाही.

उसूलवाले इथे दोन शब्द वेगळे ठेवतात: इल्लत आणि हिकमत. हिकमत म्हणजे नियमामागचा फायदा किंवा उद्देश, इल्लत म्हणजे ज्याच्या असण्या-नसण्यावर नियम चालतो ती गोष्ट. प्रवाशाला रोजा पुढे ढकलायची सवलत आहे. हिकमत त्रास वाचवणं, इल्लत मात्र प्रवास. म्हणून एसी डब्यात आरामात जाणाऱ्यालाही ती मिळते, आणि भर उन्हात गावातच ऊस तोडणाऱ्याला प्रवासी म्हणून मिळत नाही, त्याला दुसरं कारण दाखवावं लागतं. आपण प्रयोगात सहसंबंध बघून कारण ठरवतो, ती चूक हीच. आणि ही चूक महागात पडते. परत घेता येणाऱ्या तलाकात इद्दतचा काळ नवऱ्याला निर्णय मागे घ्यायला, म्हणजे रुजूला, असतो. इद्दतमध्ये बाईचा खर्चही नवऱ्यावर असतो. टेस्टच्या पट्टीने इद्दत 'आधुनिक' करायला गेलात, तर तिच्या हातातले तीन महिन्यांचे पैसे जातात. सुधारणा म्हणून.

आता निकालाकडे. पूर्णपीठाने कुराणातल्या ज्या वचनांचा आधार घेतला, त्यात चौथ्या सूऱ्यातलं दोन पंचांचं वचन महत्त्वाचं. नवरा-बायकोत फाटेल असं वाटलं, तर एक पंच त्याच्या घरचा आणि एक तिच्या घरचा नेमा. निकाल म्हणतो, हे झाल्याचं शाबीत करा. म्हणजे 'पंच नेमा' या सांगण्यापासून 'पंच न नेमता दिलेला तलाक चालणार नाही' इथपर्यंत उडी आहे. उसूलच्या दृष्टीने मध्ये दोन पायऱ्या आहेत. एक, ही आज्ञा बंधनकारक आहे की शिफारस? दोन, बंधनकारक असली तरी ती मोडल्यावर कृत्य रद्द होतं, की करणारा फक्त दोषी ठरतो? सुन्नी फिक्हच्या चारही मजहबांत पंच नेमणं ही तलाक लागू होण्याची अट धरलेली नाही. कोर्टाने ती धरली. धरू नये असं मी म्हणत नाही. धरायची तर मधल्या दोन पायऱ्या दाखवायला हव्यात, आणि त्या जागी वचन ठेवून पुढे जाणं पुरत नाही.

ही दुसरी पायरी किती खरी आहे ते एका साध्या उदाहरणात दिसतं. जुम्म्याची अजान झाली की खरेदी-विक्री थांबवा, असं कुराणात आहे. समजा मोंढ्यात एकाने त्याच वेळी पोत्यांचा सौदा केला. सौदा पक्का की रद्द? हनफी आणि शाफी म्हणतात गुन्हा झाला, पण सौदा पक्का. मालिकी आणि हंबली मताप्रमाणे सौदाच रद्द. एकच वचन, एकच मनाई, दोन उत्तरं. मतभेद असा की मनाई केल्याने कृत्य निष्फळ होतं का. एका दमात दिलेल्या तीन तलाकचा सगळा वाद या प्रश्नावर उभा आहे. ते निषिद्ध आहे याबद्दल हनफींनाही शंका नाही, म्हणून तर त्याचं नावच तलाक-ए-बिद्दत. प्रश्न एवढाच की निषिद्ध म्हणून निष्फळ का.

आता आपल्या कोर्टांनी या प्रश्नाचं काय केलं ते बघा, कारण माझी खरी तक्रार इथे आहे. १९०५ मध्ये साराबाई खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं की असा तलाक धर्मशास्त्रात वाईट, पण कायद्यात चालतो. हे वाक्य पुढे शंभर वर्षं सगळीकडे चिकटवलं गेलं. २२ ऑगस्ट २०१७ ला शायरा बानो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी ही प्रथा रद्द केली, तेव्हा न्या. कुरियन जोसेफ यांनी तेच वाक्य उलटं केलं: धर्मशास्त्रात जे वाईट ते कायद्यातही वाईट. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पण दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून बघा. एक म्हणतं निषिद्ध तरी चालतं, दुसरं म्हणतं निषिद्ध म्हणून चालत नाही, आणि मधली पायरी दोघांनीही ओलांडून टाकली आहे. दुसऱ्या वाक्याच्या बाजूने मी आहे, पण बाजू म्हणजे पुरावा नव्हे. (त्याच निकालात न्या. नरिमन आणि न्या. लळित यांनी घटनेच्या कलम १४ वरून, उघड मनमानीच्या कसोटीवर, वेगळा रस्ता घेतला. तो युक्तिवाद फिक्हवर अवलंबूनच नाही, त्यामुळे त्याला ही तक्रार लागू होत नाही.)

ही पायरी भरायला साहित्य नव्हतं असंही नाही. सहीह मुस्लिममध्ये इब्न अब्बास यांचं कथन आहे की पैगंबरांच्या काळात, अबू बक्र यांच्या काळात आणि उमर यांच्या पहिल्या दोन वर्षांत एकत्र दिलेले तीन तलाक एकच मोजले जात. लोक घाई करू लागले म्हणून उमर यांनी ते तीनच धरायला सुरुवात केली. मग उमर यांचा निर्णय हा कायमचा नियम होता, की त्या परिस्थितीतला प्रशासकीय बडगा? बडगा असेल, तर परिस्थिती बदलल्यावर तो कशासाठी? इब्न तैमिया यांनी (मृत्यू १३२८) एकदम दिलेले तीन एकच मोजा असं मांडलं. इजिप्तने १९२९ च्या कायद्यात आकडा जोडून दिलेला तलाक एकच धरला. भारतातले अहले हदीसही तसंच मानतात. शिया फिक्हमध्ये तर दोन न्यायी साक्षीदारांशिवाय तलाकच लागत नाही. एवढं सगळं असताना 'यावर एकमत आहे', म्हणजे इज्मा आहे, हा दावा टिकतो का, हा प्रश्न विचारायला हवा होता.

मग कोर्टं असं का करतात? इथे संशोधकाला परिचित असलेला एक रोग आहे: दुय्यम संदर्भावरून दुय्यम संदर्भ. बाराव्या शतकात मर्गीनानी यांनी अरबीत 'हिदाया' लिहिली. तिचं फारसी रूपांतर झालं. त्या फारसीवरून चार्ल्स हॅमिल्टन यांनी १७९१ मध्ये इंग्रजी केली. इंग्रज न्यायाधीश ती वाचून निकाल देऊ लागले. सुरुवातीला सल्ल्याला मौलवी असत, १८६४ मध्ये ते पदही गेलं. पुढे मुंबईचे पारशी कायदेपंडित दिनशा मुल्ला यांनी निकालांचं सार काढून क्रमांक दिलेल्या कलमांचं पुस्तक केलं. ते इतकं सोयीचं की लोक ते कायदाच समजून वाचतात. 'मुल्ला' हे आडनाव वाचून ते मौलवी असतील असं मलाही वाटलं होतं, हसू नका. त्यात १८९७ च्या एका निकालात प्रिव्ही कौन्सिलने सांगून ठेवलं की जुन्या भाष्यकारांच्या विरोधात जाऊन कुराणाचा स्वतःचा अर्थ लावू नका. म्हणजे जिवंत पद्धत गेली आणि तिचे जुने रिझल्ट्स तेवढे गोठून राहिले. नंतरच्या न्यायाधीशांनी हे गोठलेपण तोडायला थेट कुराण उघडलं. हेतू चांगला. पण गोठलेले रिझल्ट्स टाकताना त्यांनी मेथडॉलॉजीही बाहेर ठेवली.

याच संदर्भात बीडवर काम करणाऱ्यांसाठी एक सूचना, कारण ही चूक मी प्रबंधांत पाहिली आहे. मुस्लिमांना शरियत लागू करणारा कायदा १९३७ चा, म्हणून 'बीडमध्ये १९३७ पासून' असं लिहू नका. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. हा कायदा आपल्याकडे आला तो १९५९ च्या विस्तार कायद्याने.

पद्धत शाबूत ठेवून कौटुंबिक कायदा बदलल्याचं उदाहरण भारतातच आहे आणि मला ते फार आवडतं. हनफी मताप्रमाणे नवरा बेपत्ता झाला तर त्याचं वय नव्वद होईपर्यंत बायकोने थांबायचं. मौलाना अश्रफ अली थानवी हे काही कुणी बंडखोर नव्हेत, देवबंदचे कर्मठ विद्वान. त्यांनी गरज मान्य केली आणि या प्रश्नापुरतं मालिकी मत घ्यावं असं ठरवलं. पण पुस्तकातून उचललं नाही. मदिनेच्या मालिकी मुफ्तींकडून रीतसर फतवे मागवले. आपण मूळ प्रयोगशाळेला मेल करून प्रोटोकॉल मागवतो, तसं. १९३० च्या दशकात त्यांचं पुस्तक आलं, आणि १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात चार वर्षं नवऱ्याचा पत्ता नसेल तर बाईला कोर्टातून विवाहविच्छेद मागता येऊ लागला. नव्वदीवरून चार वर्षं. दुसऱ्या मजहबाचं मत सोयीप्रमाणे निवडणं ही चोरवाट होऊ शकते, त्यावर टीकाही आहे. फरक इथे आहे की निवडीचं कारण उघड लिहिलं होतं आणि ते कुणालाही तपासता येत होतं. हमीद दलवाईंचा रस्ता याच्या अगदी उलट होता. १८ एप्रिल १९६६ ला मुंबईत विधिमंडळावर सात बायकांना घेऊन गेलेल्या दलवाईंना फिक्हच्या आतून काही काढायचं नव्हतं, सगळ्यांना एक कायदा हवा होता. तोही युक्तिवाद स्वच्छ आहे. आत आहोत की बाहेर, हे न ठरवता चालणं मात्र कच्चं.

मग दगडू पठाण निकाल कच्चा का? नाही. त्याची भक्कम बाजू पुराव्याची आहे, आणि आश्चर्य म्हणजे ती फिक्हच्या आतूनही तितकीच भक्कम निघते. दावा करणाऱ्याने पुरावा द्यावा, हे फिक्हमधलं मूळ तत्त्व. त्याच्या जोडीला आणखी एक: इकरार, म्हणजे स्वतः दिलेली कबुली, हा तोकडा पुरावा आहे, तो कबुली देणाऱ्यापुरता चालतो, दुसऱ्याचा हक्क मारायला नाही. नवरा कैफियतीत म्हणतो, 'मी मागेच तलाक दिला होता'. ही त्याची कबुली. ती त्याला बांधेल, पण तिची मागची पोटगी कशी कापेल? या एका तत्त्वावर कोर्टाला पंचांच्या वचनाची उडी न घेता बरंचसं तिथेच पोहोचता आलं असतं. हनफी वकिलालाही समोरून उत्तर द्यायला जड गेलं असतं.

तुम्ही म्हणाल, निकाल बरोबर लागला ना, मग एवढा काथ्याकूट कशाला? चाचींच्या कागदासाठी. २०१९ च्या कायद्याने तात्काळ तलाक रद्द आणि तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा केला. पण तो फक्त तात्काळ आणि परत न घेता येणाऱ्या तलाकबद्दल आहे. चाचींच्या कागदात तीन महिन्यांत तीन, म्हणजे तलाक-ए-हसन लिहिलाय. तो त्या कायद्यात बसत नाही. पोटगीपुरतं बघाल तर १० जुलै २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तलाक झालेल्या बाईलाही जुन्या कलम १२५ खाली मागता येते, हे स्पष्ट झालं. पण चाचींना केवळ पैसे नकोत. ज्या दिवशी तलाक झाला असं कागद म्हणतो, त्यानंतर दोन महिने तो माणूस घरी जेवत होता. त्या दोन महिन्यांत त्या त्याच्या कोण होत्या, हे त्यांना कोर्टाकडून ऐकायचंय. तिथे २०१९ चा कायदा मदत करत नाही, २००२ चा निकाल करतो. आणि समोरच्या वकिलाने पंचांची अट फिक्हमध्ये नाही असं म्हणून पुस्तकं काढली, तर निकालाची कच्ची पायरी तिथेच उघडी पडेल.

मी हे सगळं चाचींच्या वकिलांना सांगितलं, थोडं घाबरतच. ते म्हणाले, पूर्णपीठाचा निकाल आहे, खाली कुणी प्रश्न विचारत नाही. मग थोडं थांबून इकरारचं परत सांगायला लावलं आणि फाइलच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं. उलटतपासणीत ते नवऱ्याला आधी तारखा विचारणार आहेत, तिन्ही महिन्यांच्या, आणि समोर कोण होतं ते. पंचांची नावं त्यानंतर. तारीख पुढच्या महिन्यात आहे.